लेप्टोची गोळी : कोणी, केव्हा, कशी घ्यावी?



पावसाळ्यात वस्तीत गुडघाभर पाणी शिरले की आम्हाला काळजी लागते ती त्या पाण्यात उतरणाऱ्यांची. गटाराचे झाकण उघडणारे, कचरा उचलणारे, हातगाडी ढकलत घर गाठणारे बहुतेक आपलेच असतात. त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे आपल्या बोलण्यातला लेप्टो, घरात येतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने अनेक माणसे नेली. या रोगावर औषध आहे, ते स्वस्त आहे, मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यात मोफतही मिळते. मात्र ते नीट घेतले तरच गुण येतो.

लेप्टो जंतूंमुळे होतो. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून, डोळ्या-तोंडातून अंगात शिरतात. बहुधा आठवडा-दोन आठवड्यांनी थंडी वाजून ताप येतो, डोके ठणकते, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. दुर्लक्ष केले तर कावीळ होते, लघवी कमी होते, धाप लागते आणि मूत्रपिंडे निकामी होऊन माणूस दगावू शकतो.

रोग होऊ नये म्हणून देतात ती गोळी डॉक्सिसायक्लिन. हे अँटिबायोटिक आहे. पाण्यातून आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे, असे मुंबई महापालिका सांगते. तिच्या सूचनेप्रमाणे अंगावर जखम नसताना एकदाच पाण्यातून गेलेल्या प्रौढास २०० मिलीग्रॅमचा एकच डोस देतात. जखम असताना गेलेल्यास दिवसातून एकदा असे तीन दिवस. वारंवार पाण्यात उतरणाऱ्यास किंवा त्यात काम करणाऱ्यास आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. यावरूनच कळेल की शेजाऱ्याचा डोस आपल्याला चालत नाही. आपण पाण्यात किती वेळा उतरलो, पायाला जखम होती का, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, हे डॉक्टरांना सांगावे. डोस त्यांनीच ठरवावा.

ही गोळी गरोदर मातांना आणि आठ वर्षांखालील मुलांना देऊ नये. लहान मुलांच्या वाढत्या दातांवर तिचे कायमचे डाग पडू शकतात. त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळे औषध देतात. पूर्वी एखाद्या अँटिबायोटिकने अंगावर पुरळ आले असेल, ओठ सुजले असतील, दम लागला असेल, तर ते आधीच सांगावे. गोळी घेतल्यावर तसे झाले तर लगेच रुग्णालय गाठावे.

आता घेण्याची पद्धत. गोळी उपाशीपोटी घेऊ नये. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. घेतल्यावर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. रात्रपाळीहून आलेला माणूस घोटभर पाण्याबरोबर गोळी टाकतो आणि लगेच झोपतो. अशा वेळी ती अन्ननलिकेत अडकून आतून भाजल्यासारखी जखम करते. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, आम्लपित्ताचे औषध आणि दूध यांच्यासोबत ती घेऊ नये. मध्ये दोन-तीन तास जाऊ द्यावेत. औषध चालू असताना उन्हाने कातडी लवकर भाजते, म्हणून डोक्यावर टोपी किंवा पदर असावा. रोज दारू पिणाऱ्याच्या अंगात या औषधाचा असर लवकर उतरतो. पंचशीलातले पाचवे शील इथेही कामी येते.

एका गोष्टीचे आम्हाला फार वाईट वाटते. एकाची चिठ्ठी घेऊन सारी चाळ मेडिकलमधून गोळ्या आणते. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतात आणि सर्दी झाली की काढतात. सर्दी-पडसे आणि डेंगी विषाणूंमुळे होतात. त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. उलट आपल्या पोटातले, घशातले, कातडीवरचे इतर जंतू त्या औषधाला सरावतात. पुढे खरा आजार येतो तेव्हा साधी गोळी लागू पडत नाही, महागडी इंजेक्शने घ्यावी लागतात, आणि हातावर पोट असलेल्या घराला ती परवडत नाहीत. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, एवढे घरातल्या शाळकरी मुलांनाही शिकवावे.

गोळी घेतली म्हणजे कवच मिळाले असेही समजू नये. ताप आला तर घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि "मी साचलेल्या पाण्यात उतरलो होतो" हे स्वतःहून सांगा. रोग झाल्यावरचा डोस वेगळा असतो आणि तो ठरलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण घ्यावा लागतो. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नये.

गमबूट आणि हातमोजे मागणे हा सफाई कामगाराचा हक्क आहे, मग तो कंत्राटी असला तरी. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न सरकारदरबारी धसास लावला. गमबुटाशिवाय गटारात उतरायचे आणि मग गोळीवर भिस्त ठेवायची, हे आपण मान्य करता कामा नये.

विनयपिटकात भगवान बुद्धांनी चांगल्या रुग्णाची लक्षणे सांगितली आहेत. तो पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, आजार जसा आहे तसा सांगतो आणि वेदना धीराने सोसतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश गोळीच्या पाकिटावर छापावा इतका आजचा आहे. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर पाच मिनिटे काढून हा मजकूर मोठ्याने वाचावा, वाचता न येणाऱ्या आई-मावशींना समजावून सांगावा, ही आमची विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!