शिगेचे माप

धान्य घेताना जुनी माणसे आधी एक प्रश्न विचारीत: माप शिगेचे की सपाट? आजकालच्या आलिशान छोट्या एसयूव्ही मोटारींच्या जाहिराती वाचताना मला हाच प्रश्न विचारावासा वाटतो. कारण 'सामानाची जागा अमुक लिटर' हा आकडा तिथे मोठ्या दिमाखाने छापलेला असतो.

आता डिकीत काही कोणी पाणी ओतून पाहत नाही! व्हीडीए या जर्मन मोटारधंद्याच्या संघटनेने एक रीत घालून दिली आहे. वीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद आणि पाच जाड असा ठोकळा घ्यायचा. तो बरोबर एक लिटरचा. असे जितके ठोकळे डिकीत मावतील तितके लिटर. हिशेब चोख आहे. पण चपट्या विटेएवढा हा ठोकळा चाकाशेजारच्या खोबणीत शिरतो. आपली बॅग कुठली शिरायला?

२०१८ साली आलेली ऑडी क्यू-थ्री घ्या. युरोपात तिची डिकी ५३० लिटरची. मागचे बाक पंधरा सेंटिमीटर पुढे सरकवले की तीच ६७५ लिटरची होते. वाढलेली जागा अर्थातच मागे बसणाऱ्यांच्या गुडघ्यांतून वसूल होते! अमेरिकेत मोजण्याची पद्धत निराळी. बाक आडवे पाडल्यावर युरोपात १५२५ लिटर भरणारी हीच मोटार तिकडे ४८ घनफूट, म्हणजे सुमारे १३५९ लिटर भरते. मोटार तीच, पत्रा तोच; पायली तेवढी बदलली.

पंचाहत्तर, पन्नास व तीस सेंटिमीटरची बॅग सुमारे ११२ लिटरची. कागदावर ५३० लिटरांत अशा चार बसून फराळाच्या डब्यांनाही जागा उरते. प्रत्यक्षात मागची काच उतरती, दार अरुंद. त्यात आपल्याकडे काही मोटारींत जादा चाक डिकीतच मांडी घालून बसलेले. मग चौथी बॅग आजीच्या पायाशी येते आणि गावापर्यंतचा सारा प्रवास आजी पाय आखडून करते.

कंपन्या खोटे बोलतात असे मी म्हणत नाही. त्यांचा आकडा ठोकळ्यांचा असतो आणि आपला संसार बॅगांचा, एवढेच. दोन मोटारींची तुलना करायची तर माप एकाच रीतीचे आहे ना, मागचे बाक कुठे होते आणि सामान खिडकीपर्यंत मोजले की छतापर्यंत, हे विचारून घ्यावे. आणि लाखो रुपये मोजण्यापूर्वी घरातल्या मोठ्या बॅगा दुकानात नेऊन डिकीत ठेवून पाहाव्यात. विक्रेता हसला तर हसू द्यावा. आजी मात्र दुवा देईल.