एकादशी आणि दुप्पट खाशी

लग्नाची तिथि ठरली कीं, हल्लीं सुशिक्षित घरांतूनहि वधूच्या पानांतला भात प्रथम नाहींसा होतो, मग पोळी, आणि अखेर रात्रीचें जेवणच. वजन उतरतें, शालू शोभून दिसतो. वर्ष उलटतें न उलटतें तोंच तें वजन परत येतें, कित्येकदां अधिकच, आणि उपासाचा नवा फेरा सुरू होतो. हे फेरे निरुपद्रवी नाहींत, हें वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें, म्हणून आजचें हें लेखन.

अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज यांनीं १९४४-४५ सालीं ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनें, २४ आठवडे अर्धपोटीं ठेविलें. वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. पुढें पोटभर अन्न मिळतांच चरबी आधीं भरून आली. स्नायु मागें राहिले. शरीर उपासाला दुष्काळच समजतें. आपला खर्च आंखडतें आणि भूक वाढवितें. अवर्षण सोसलेला पारनेर-पाथर्डीकडील शेतकरी सुगी येतांच आधीं कणगी भरतो, त्यांतलाच हा प्रकार.

आपल्या लोकांत तर स्नायु मुळांतच बेताचे. दिसावयास सडपातळ असलेल्या भारतीयाच्या अंगांतहि चरबी अधिक असते, हें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखविलें आहे. रक्तांतील साखर मुख्यतः स्नायूंत खर्च होते. ते झिजले कीं मधुमेहाला वाट मोकळी होते. वजन झपाट्यानें उतरविल्यास पित्ताशयांत खडे होण्याचें भय निराळेंच. वजनाच्या चढउताराचा हृद्रोगाशीं संबंध कांहीं पाहण्यांत आढळला आहे. मात्र तेंच त्याचें कारण कीं काय, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत.

राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनीं ऑगस्ट २०११ मध्यें दिल्लीस बारा दिवस उपोषण केलें, तेव्हां डॉक्टरांचें पथक त्यांची प्रकृति पाहत होतें. आमच्या माजघरांत उपाशी राहणाऱ्या मुलीची नाडी कोण पाहतो?

वजन उतरविणें खरोखरच आवश्यक असेल, तर एकटीचें पान निराळें मांडूं नये. सर्वांचाच स्वयंपाक बदलावा. ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, पालेभाजी, ताक. तेल व साखर मोजून. साबुदाण्याची खिचडी फराळ म्हणून खपते, पण तिच्यांत पिष्ट आणि स्निग्ध यांचीच भर. आठवड्यास अर्धा किलोहून अधिक वजन उतरूं देऊं नये, आणि स्नायु टिकावेत म्हणून अंगमेहनत चालू ठेवावी. मधुमेहाचें औषध घेणाऱ्यानें तर डॉक्टरांना विचारल्यावांचून एकहि जेवण सोडूं नये.