ओठातला फोड आणि घरची सुई

गेल्या महिन्यात नळदुर्गकडच्या एका खेड्यातून एक आजी बारा वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोराच्या खालच्या ओठाच्या आतल्या बाजूस हरभऱ्याएवढा निळसर, मऊ फोड होता. "उष्णतेचा फोड हाय, डॉक्टरसाहेब. तीनदा सुईनं फोडला. चिकट पाणी येतं, आठ दिवसांत पुन्हा भरतो," आजी म्हणाल्या.

वाचकहो, हा फोड उष्णतेचा नव्हे. आपल्या ओठांच्या व गालांच्या अस्तराखाली शेकडो बारीक लाळग्रंथी असतात. ओठ दाताखाली चावला गेला की एखाद्या ग्रंथीची नळी तुटते. मग लाळ तोंडात न येता आतच साठते व फुगा तयार होतो. यालाच म्युकोसील म्हणतात. जिभेखाली असा फुगा आला तर त्यास रॅन्युला हे नाव आहे.

सुईने फुगा रिकामा होतो, पण बिघडलेली ग्रंथी जागेवरच राहते. म्हणून तो पुन्हा भरतो. शिवाय अस्वच्छ सुईने पू होण्याची भीती. लहान फुगा कधी कधी आपोआप बसतो. दोन-तीन आठवड्यांत न बसल्यास दंतवैद्याला दाखवावे. जागा बधिर करून तो ग्रंथीसकट काढतात. ओठ चावण्याची सवय मात्र मोडलीच पाहिजे.

नातवाला तपासून झाल्यावर मी आजींना तोंड उघडायला सांगितले. "पोराचं बघा, माझं काय!" म्हणत त्यांनी उघडले. मिसरीने काळे पडलेले दात आणि गालात आत पांढरा चट्टा. वर्षभरापासून होता, दुखत नाही म्हणून कोणाला दाखवला नव्हता.

आपले इथेच चुकते. निरुपद्रवी फोडाची धास्ती घेऊन आपण सुई उचलतो आणि खऱ्या धोक्याकडे पाठ फिरवतो. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, टाळूवरची किंवा वरच्या ओठातली कडक गाठ, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आपल्याला जवळ आहे. ग्रामीण भागातील कर्करोगाची देशातील पहिली नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली.

आजींना मी तिकडे पाठवले. तपासणीत कर्करोग निघाला नाही. मिसरी बंद आणि ठरल्या वेळी पुन्हा तपासणी, एवढ्यावर निभावले. प्रत्येकाचे असे निभावेलच असे नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच: सुई घरात कपडे शिवायला ठेवा आणि महिन्यातून एकदा आरशासमोर उभे राहून आपले तोंड पाहा.