गोमतीच्या पाण्यातील न मोजली जाणारी संप्रेरके

लखनौच्या अलीगंज भागातील घराघरांतून दररोज बाहेर पडणारे सांडपाणी अखेर गोमती नदीच्या दिशेने जाते. त्यात डिटर्जंट असते, औषधांचे अंश असतात आणि मानवी शरीराने उत्सर्जित केलेली संप्रेरकेही असतात. नदी स्वच्छ झाली की नाही हे ठरविताना या घटकांचा विचार जवळजवळ होत नाही.

अलीगंजच्या पूर्वेकडून वाहणाऱ्या आणि पुढे गोमतीला मिळणाऱ्या कुकरैलमुळे या प्रश्नाला सध्या विशेष महत्त्व आले आहे. एकेकाळची ही नदी कालांतराने सांडपाण्याचा नाला बनली. तिचे पुनरुज्जीवन आणि काठाचा विकास यांसाठी जून 2024 मध्ये अकबरनगर वस्तीतील हजाराहून अधिक बांधकामे पाडण्यात आली. एवढी मोठी किंमत मोजून जी नदी परत आणावयाची, तिच्यात जलचरांचा वंश टिकणार काय, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार स्नानयोग्य पाण्यात लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, जैवरासायनिक प्राणवायूची गरज 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि विष्ठेतील जिवाणूंचे प्रमाण ठरावीक मर्यादेत असावे. हे निकष आवश्यकच आहेत. मात्र संप्रेरकांचे अनुकरण करणारी किंवा त्यांच्या कार्यात अडथळा आणणारी रसायने मिलिग्रॅममध्ये नव्हे, तर नॅनोग्रॅममध्ये परिणाम घडवितात. एक नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात 2001 ते 2003 या काळात एका प्रायोगिक तळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन मिसळण्यात आले. लिटरमागे अवघे 5 ते 6 नॅनोग्रॅम. नर माशांच्या शरीरात अंड्यातील बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले आणि फॅटहेड मिनो या लहान माशाची तेथील संख्या जवळजवळ संपुष्टात आली. मासे मरून पाण्यावर तरंगले नाहीत. पुढची पिढीच जन्माला आली नाही. वर उल्लेखिलेल्या कोणत्याही कसोटीत हा बदल दिसला नसता.

भारतीय किनाऱ्यावरही अशी नोंद आहे, आणि योगायोगाने त्या जीवाच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. गोव्याच्या किनाऱ्यावरील ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या सागरी गोगलगायीच्या माद्यांमध्ये नराची जननेंद्रिये विकसित झाल्याचा शोधनिबंध 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. जहाजांच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात मिसळले जाणारे ट्रायब्युटिलटिन हे रसायन या विकृतीचे कारण म्हणून जगभर ओळखले जाते. अशा रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2008 मध्ये अमलात आला.

गोमतीचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. लखनौतील शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या नदीच्या पाण्यात व गाळात डीडीटी आणि एचसीएच या कीटकनाशकांचे अंश आढळले होते. शेतीसाठी डीडीटीच्या वापरावर भारतात 1989 मध्येच बंदी आली. तथापि ही रसायने गाळात दशकानुदशके टिकून राहतात. डीडीटीच्या विघटनातून तयार होणारे डीडीई हे नर संप्रेरकांच्या कार्यात अडथळा आणते. नदीकाठाचे सुशोभीकरण करताना हा गाळ उपसला किंवा ढवळला जातो, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

कुकरैलच्याच जंगलात घडियालांचे, म्हणजे लांब तोंडाच्या सुसरींचे, प्रसिद्ध संवर्धन केंद्र आहे. येथे वाढविलेली पिल्ले उत्तर भारतातील नद्यांमध्ये सोडली जातात. घडियालाचे पिल्लू नर होणार की मादी, हे अंडे उबण्याच्या काळातील तापमानावर ठरते. अशा सरीसृपांच्या अंड्यांत इस्ट्रोजेनसदृश द्रव्य पोहोचल्यास तापमानाचा हा कौल उलटू शकतो, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात 1980 मध्ये कीटकनाशकांची गळती झालेल्या अपॉप्का सरोवरात मगरवर्गीय ॲलिगेटरांची जननेंद्रिये अविकसित राहिल्याचे आढळले होते. पिल्ले केंद्रात सुरक्षित वाढली, तरी त्यांना अंडी घालावयाची आहेत ती नदीकाठीच.

यावर उपाय म्हणून सांडपाणी प्रक्रिया केंद्रांकडे बोट दाखविले जाते. लखनौचे भरवारा येथील केंद्र दररोज 345 दशलक्ष लिटर क्षमतेचे असून तेथील मुख्य प्रक्रिया प्राणवायूविरहित जिवाणूंवर आधारलेली आहे. ही पद्धत वीज वाचविते. परंतु इस्ट्रोजेनचे विघटन प्राणवायूच्या अभावी फारच मंदावते. त्याहून विलक्षण बाब डिटर्जंटची: त्यातील काही घटकांचे अशा प्रक्रियेत नोनिलफेनॉल बनते आणि ते मूळ घटकापेक्षा अधिक इस्ट्रोजेनसदृश असते.

युरोपीय संघाने जानेवारी 2025 पासून अमलात आलेल्या नियमांद्वारे मोठ्या केंद्रांना टप्प्याटप्प्याने, 2045 पर्यंत, सूक्ष्म प्रदूषके काढणारी अतिरिक्त प्रक्रिया बंधनकारक केली आहे. तिचा किमान 80 टक्के खर्च औषधे व सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्या उद्योगांनी उचलावयाचा आहे. भारतात, जेथे कित्येक शहरांचे साधे सांडपाणीही प्रक्रियेविना नदीत जाते, तेथे हा खर्च तूर्त परवडणारा नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही.

मोजणी मात्र एवढी महाग नाही. नर माशाच्या रक्तात बलकाचे प्रथिन आहे काय, एवढी तपासणीही नदीतील इस्ट्रोजेनची चाहूल देते. विषांचा अभ्यास करणारी भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो या दोन्ही संस्था लखनौमध्येच आहेत.