संकल्प सोडावा कसा?

नववर्ष उजाडले की मिरामारच्या किनाऱ्यावर आणि मडगाव-म्हापशाच्या व्यायामशाळांत एकदम गर्दी लोटते. नवे कोरे बूट, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ आणि चेहऱ्यावर निर्धार, असा सारा थाट असतो. वर्षाची वर्गणीही आगाऊ भरलेली असते. पुढे शिगम्याचे ढोल घुमू लागेपर्यंत हा उत्साह ओसरतो आणि बूट माळ्यावर जातात. आपल्या भाषेत संकल्प करण्यासही ‘सोडणे’ म्हणतात आणि टाकून देण्यासही ‘सोडणे’च म्हणतात. नववर्षाच्या संकल्पांच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ अल्पावधीतच एकरूप होतात.

हा विषय विनोदावर नेऊन सोडून देण्याजोगा मात्र राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आढळले ते गोव्यात. वीस वर्षांवरील लोकांत ते २६.४ टक्के होते. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. म्हणजे चौघांमागे एकाहून अधिक जणांना ही व्याधी. शेते पडीक पडली, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही स्कूटर आली, पण पानातला भात काही त्या मानाने उणा झाला नाही. अशा स्थितीत अंग हलविणे ही हौस नसून गरज आहे.

संकल्प मोडले की ‘मनोनिग्रह नाही’ असा दोष देण्याची आपल्याकडे चाल आहे. आम्हांस हे निदान पटत नाही. आमच्या मते दोष बव्हंशी संकल्प करण्याच्या रीतीत असतो. ‘यंदा वजन उतरवीन’ हा संकल्प नव्हे, ती केवळ इच्छा होय. देवापुढे संकल्प सोडताना आपण काय करतो ते आठवावे. खंड, नदीचे तीर, शक, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार यांचा उच्चार होतो. स्वतःचे गोत्र आणि नाव सांगितले जाते. आणि मग अमुक कर्म करीन असे म्हणून उदक सोडले जाते. कोण, कोठे, केव्हा आणि काय, यांपैकी काहीही मोघम ठेवले जात नाही.

आधुनिक मानसशास्त्रही आज याच निष्कर्षाला आले आहे. इंग्लंडमधील विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. व्यायामाचे महत्त्व पटवून देऊन भागले नाही. तेवढ्यावर सोडलेल्या गटात दहांपैकी चार जणांनीही त्या आठवड्यात व्यायाम केला नाही. ज्यांच्याकडून मात्र वार, वेळ आणि जागा लिहून घेतली होती, त्यांच्यापैकी दहांतील नऊ जणांनी तो केला. प्रयोग आठवड्यापुरता होता हे खरे. पण आरंभ कसा करावा एवढे त्यावरून निश्चित कळते.

मापही आटोक्यातले हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले किमान प्रमाण आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचे आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. त्यास व्यायामशाळेची वर्गणी लागत नाही. तेही प्रथम जड वाटल्यास रात्रीच्या जेवणानंतरच्या शतपावलीपासून आरंभ करावा. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातील साखरेची चढ कमी होते, हे आता सिद्ध झाले आहे. जूनमध्ये पाऊस लागला की काय, याचेही उत्तर आधीच ठरवावे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा आयुष्यभर प्रसार केला, त्या सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते. ती पडवीतही मिळते.

आणि नेम एखादे दिवशी चुकला तर? लंडन विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात आढळले. १ जानेवारीपासून मोजल्यास छासष्टावा दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो. म्हणजे सवय रुजण्याच्या बेतात असते, नेमके तेव्हाच आपण पाठ फिरवितो. जत्रेत, चतुर्थीत खंड पडणारच. तो पडला म्हणून नेमच टाकून देणे हा खरा अपराध होय.

तथापि साराच भार व्यक्तीवर टाकणे न्यायाचे होणार नाही. घरातले सर्व आटोपेपर्यंत जिला रात्रीचे दहा वाजतात, तिने चालावे केव्हा? तिचा अर्धा तास मोकळा करणे हाही घरातील पुरुषांचा संकल्प असला पाहिजे. गावोगावच्या अरुंद रस्त्यांवर पदपथ नाही, आणि भरधाव वाहनांच्या कडेने चालणे म्हणजे जिवाशी खेळ. पंचायतींनी आणि पालिकांनी इकडे लक्ष द्यावेच. पण आपल्या देवस्थानांची प्रशस्त प्रांगणेही आहेत. पहाटे आणि सायंकाळी तेथे दिवे लावून गावकऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना व वृद्धांना, चालण्यास मुभा देण्याचा विचार देवस्थानांच्या महाजनांनी अवश्य करावा. पूजाअर्चेत व्यत्यय न आणता हे सहज साधेल, आणि प्रदक्षिणा घालणाऱ्या समाजाला ते परकेही वाटणार नाही.

वाचकांनी यंदा मोठा पण करू नये, अशीच आमची विनंती आहे. वार, वेळ, जागा आणि मिनिटे एवढे चार शब्द कागदावर लिहून दिनदर्शिकेशेजारी लावावेत आणि घरातल्या माणसांना ते वाचून दाखवावेत. मार्चमध्ये तो कागद तेथेच असेल आणि पाय घराबाहेर पडत असतील, तर संकल्प खऱ्या अर्थाने सोडला असे म्हणता येईल.