किंगफिशर आणि नाथसागर

खंड्या हा पाणवठ्याचा पक्षी. त्याचे इंग्रजी नाव व चित्र मिरविणारी किंगफिशर बीअर मूळची दक्षिणेतली. 1915 साली टॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने दक्षिणेतील पाच बीअर कारखाने एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी उभारली. पुढे ती विठ्ठल मल्ल्यांच्या हाती आली, 1978 मध्ये किंगफिशर नव्या दमाने बाजारात उतरली आणि 2021 पासून कंपनीची सूत्रे हायनेकेन या डच कंपनीकडे आहेत. मालक बदलले, परंतु या पेयाचा मुख्य घटक बदललेला नाही. लागर म्हणजे दहांत नऊ भागांहून अधिक पाणी. शिवाय ती थंडाव्यात सावकाश आंबवावी लागते आणि शीतकरण व धुलाई यांनाही पाणी लागतेच.

हे पाणी कोणाचे, हा आमचा प्रश्न आहे. छत्रपती संभाजीनगर हे बीअरनिर्मितीचे मोठे केंद्र असून तेथील उद्योगांची तहान पैठणच्या नाथसागरावर भागते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, त्याच महिन्यात मद्यउद्योगाचा पाणीपुरवठा प्रथम निम्म्याने व पुढे 60 टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. जे काम शासनाने आपण होऊन करावयाचे, ते न्यायालयास करावे लागले, ही गोष्ट शासनास भूषणावह खचितच नव्हती.

मद्य पिणाऱ्यांना नीतिपाठ देण्याचा आमचा हेतू नाही. या कारखान्यांवर हजारो कामगारांची चूल पेटते आणि शासनाची तिजोरीही भरते. त्यांच्याहून ऊस कितीतरी अधिक पाणी पितो, हा उद्योजकांचा युक्तिवादही खोटा नाही. परंतु उसाचे पाप मोठे म्हणून बीअरचे पुण्य ठरत नाही. नियम दोघांनाही हवा. शिवाय ज्या हातांना उत्पादनशुल्काचा पैसा मोजावयाचा आहे, त्याच हातांनी कारखान्याचा नळ आवळावयाचा असेल, तर ते हात थरथरणारच. म्हणूनच हा निर्णय ऐन टंचाईत कोणाच्या मर्जीवर सोपविणे धोक्याचे आहे.

धरणातील साठा अमुक पातळीखाली गेला की पिण्याव्यतिरिक्तच्या पाण्यात तमुक कपात, असे कोष्टक पावसाळा संपताच जाहीर व्हावे. प्रत्येक मोठ्या कारखान्याचा पाणीवापर दरमहा प्रसिद्ध व्हावा आणि सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सक्ती असावी. टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसलेल्या माउलीला न्यायालयाची पायरी चढता येत नाही. तिचा पहिला हक्क कायद्याच्या पुस्तकात आहेच. तो नळाला कधी येणार, हे शासनाने सांगावे.