सरकारच्या खोलीने जात विचारली नाही

मुंबईतील बीडीडी चाळी एकामागून एक जमीनदोस्त होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ही आनंदाचीच गोष्ट आहे. एकशे साठ चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला घर मिळाले, याचा आनंद ज्याला होत नाही त्याने ती खोली आतून पाहिलेली नाही. परंतु चाळी पडू लागल्या तसा चाळीच्या आठवणींना पूर आला आहे. चाळ म्हणजे एक कुटुंब, चाळीत दार कधी बंद नसे, चाळीत जातपात नव्हती, असा या आठवणींचा सूर. आम्हीही चाळीतच वाढलो. म्हणून आमचीही साक्ष नोंदली जावी असे आम्हाला वाटते. चाळीने आमच्या समाजाला जे दिले ते शेजाऱ्यांच्या मोठ्या मनामुळे मिळालेले नाही, आणि नेमके तेच आज आमच्या मुलांना मिळेनासे झाले आहे.

या चाळी ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात हे खाते निघाले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचे ठरले होते. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. मधून अंधारी वाट, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे, संडास सामाईक. सरकारने कामगाराच्या सुखासाठी हे केले असे मानण्याचे कारण नाही. गिरण्यांना हात हवे होते आणि हातांना रात्री पडायला जागा हवी होती, एवढाच हिशेब होता.

आमचे मूळ गाव वरवंड, तालुका दौंड. आजोबा गावकी सोडून मुंबईला गेले आणि गिरणीत लागले. त्यांच्या पिढीने गिरणीतही जात पाहिली. विणकाम खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्याला तेथे प्रवेश नव्हता. त्या खात्यात पगार जास्त होता, हे वेगळे सांगायला नको. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तो याच कारणाने. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही अगदी लहान होतो. कळत्या वयात वडिलांना गिरणीत जाताना आम्ही पाहिलेच नाही. आईने चार माणसांची खानावळ चालवली आणि त्यावर घर चालले. पुढे वडील गावी परतले, खोली चुलत्यांकडे राहिली.

त्या खोलीत आम्ही नऊ माणसे होतो. मोरीत एक जण अंघोळीला असला की स्वयंपाक करणारीने पाठ फिरवून बसायचे. पहाटे चारला नळ येई. बायकांची झोप नळाच्या हाती होती. रात्री पुरुष आणि मुले वाटेतच पथारी टाकत. तिथल्या एका पिवळ्या दिव्याखाली आमच्या मजल्यावरच्या कितीतरी मुलांनी मॅट्रिकचा अभ्यास केला. सहा डिसेंबरला गावाकडची माणसे येत. वरवंड, पाटस, केडगाव, यवत इथली मंडळी एसटीने, रेल्वेने येऊन आमच्या त्या खोलीत उतरत. नऊची वीस माणसे होत. आई पिठले-भाकरी करी आणि पहाटे सगळे चैत्यभूमीकडे पायी निघत. कोणाला अडचण झाली असे आम्ही ऐकले नाही. असे दिवस आठवले की मन भरून येते, हे आम्ही नाकारत नाही.

पण चाळीत जात नव्हती, हे आम्ही मान्य करणार नाही. कोणत्या चाळीत कोणाची वस्ती जास्त, हे लहान मुलालाही ठाऊक असे. साखरेची वाटी या दारातून त्या दारात जात होती, परंतु जेवणाचे ताट जात नव्हते. आणि १९७४ विसरायचे कसे? ५ जानेवारीला वरळीत दलित पँथरच्या सभेवर हल्ला झाला आणि दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव यांचा डोक्यात दगड पडून बळी गेला. चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे यांचा आयोग नेमावा लागला. आमचा जन्म त्यानंतरचा. पण गच्चीवरून दगड कसे येत, रात्र रात्र जिन्यात पहारे कसे बसत, हे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकत वाढलो. ज्या कुटुंबाचे गोडवे गायले जातात त्या कुटुंबाने हेही केले आहे.

मग चाळीने आम्हाला दिले काय? आमच्या मते उत्तर एकच आहे. खोलीचा मालक सरकार होते. खासगी चाळीत पागडी लागे आणि पागडीच्या आधी आडनाव विचारले जाई. सरकारी खोलीत भाडे भरायचे आणि पावती घ्यायची. शेजारी नाक मुरडू शकत होता, पण तो आम्हाला बाहेर काढू शकत नव्हता. ही साधी गोष्ट किती मोठी आहे ते बाबासाहेबांच्या आयुष्यावरून कळते. १९१७ मध्ये परदेशात शिकून बडोद्यात मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या या विद्वानाला तेथे राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले तेथे काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना सामान उचलावे लागले. त्याच बाबासाहेबांना परळच्या पोयबावाडीत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीने, म्हणजे सार्वजनिक संस्थेच्या खोलीने, १९३४ पर्यंत आसरा दिला. महाडचा संग्राम झाला तेव्हा आपल्या नेत्याचा पत्ता बीआयटी चाळीतली खोली नंबर ५० आणि ५१ हा होता. हलवता न येणारा पाय रोवायला जागा मिळाली म्हणून त्या चाळींत सभा भरल्या, वर्गण्या जमल्या, वाचनालये निघाली, विहारे उभी राहिली.

आता मुंबई सोडून आमच्या दौंड-शिरूरकडे पाहू. कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींत आज मराठवाड्यातून, विदर्भातून आणि आमच्याच गावांतून तरुण कामाला येतात. बहुतेक कंत्राटी. त्यांच्यासाठी सरकारने चाळी बांधलेल्या नाहीत. आजूबाजूच्या जमीनमालकांनी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या आहेत. एका रांगेची पाठ दुसऱ्या रांगेच्या पाठीला, मागे खिडकी नाही, उन्हाळ्यात भट्टी. आणि खोली दाखवण्याआधी प्रश्न येतो, "आडनाव काय? गाव कोणतं? तुम्ही कोणात?" उत्तर ऐकल्यावर रिकामी खोली अचानक "कालच दिली" अशी होते. वकिली करताना अशा तक्रारी घेऊन येणारी मुले आम्हाला भेटतात. काही जण आडनाव बदलून राहतात, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावत नाहीत. शंभर वर्षांपूर्वीच्या चाळीत जी तसबीर उजळ माथ्याने लागत होती, ती आज पेटीत ठेवावी लागते! ही प्रगती म्हणायची काय?

कायदा काय म्हणतो? नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास वा तेथे राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कारही गुन्हा ठरवला. कागदावर हत्यार धारदार आहे. पण "कालच दिली" या दोन शब्दांपुढे पुरावा कसा उभा करायचा? मालक जात तोंडाने उच्चारत नाही. दुसरीकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा गृहनिर्माण संस्थेचा नियम वैध ठरवला. अशा निकालाच्या आडोशाने उद्या कोण कोण कुंपणे घालील, याचा विचार आपण करायला हवा. खटले लढलेच पाहिजेत, आम्ही लढतोच. परंतु एकेक खटला लढून हजारो मुलांना छप्पर मिळत नाही.

म्हणून मागणी मुळापाशी करावी लागेल. सरकारने पुन्हा घरमालक झाले पाहिजे. आज सारी धोरणे मालकीच्या घराभोवती फिरतात, आणि बारा हजारांच्या कंत्राटी कामगाराला मालकीचे घर म्हणजे स्वप्न. भाड्याच्या घरांची योजना केंद्राने २०२० मध्ये आणली, २०२४ च्या शहरी आवास योजनेतही तिला जागा आहे. मग औद्योगिक महामंडळाकडे कारखान्यांना द्यायला जमीन असते, ती कामगारांच्या खोल्यांना का नसावी? सोडत काढून, पावती देऊन, जात न विचारता मिळणाऱ्या खोल्या कुरकुंभला आणि रांजणगावला झाल्या पाहिजेत. ही भीक नव्हे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला आणि त्यात घरबांधणीचा समावेश होता. कामगाराचे घर ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हा आपल्या चळवळीचाच वारसा आहे.

बीडीडी चाळीत ज्यांनी दिवस काढले त्या बांधवांनी आपल्या जुन्या भाडेपावत्या रद्दीत देऊ नयेत. त्या जपून ठेवा, आई-बहिणींची नावे नव्या घराच्या कागदावर चढवून घ्या आणि चाळीची हकीकत आपल्या शब्दांत लिहून काढा. दौंड-शिरूरच्या कार्यकर्त्यांनी खोली नाकारल्याची प्रत्येक घटना तारीख, वेळ आणि साक्षीदारासह नोंदवावी, आणि येत्या ग्रामसभेत सरकारी भाड्याच्या खोल्यांचा ठराव मांडावा. वरवंडच्या ग्रामसभेत तो मांडायला आम्ही उभे राहणार आहोत. जयभीम!